पाताळातले सोवळे

गणेशचतुर्थी आठवड्यावर आली की आपल्या घराघरांतून केवढी झाडलोट सुरू होते, हे या पानांच्या वाचकांना सांगावयास नको. जाळीजळमटे निघतात, समया आणि तांब्यापितळेची भांडी चिंचेने घासून लखलखीत होतात, आणि ज्या जागी मूर्ती बसावयाची तेथे धुळीचा कणही राहू नये म्हणून घरातील वडीलधारी मंडळी जातीने लक्ष घालतात. पाहुणा थोर, म्हणून जागा स्वच्छ. हा त्यामागील साधा भाव.

परंतु या जगात अशीही काही स्थाने आहेत, की तेथील स्वच्छता पाहिली असता आपल्या आजीबाईंचे सोवळेही फिके वाटावे. कॅनडा देशात सडबरी नगराजवळ क्रेटन नावाची निकेल धातूची खाण आहे. तिच्या पोटात, जमिनीखाली सुमारे २ किलोमीटर खोल, 'स्नोलॅब' नावाची प्रयोगशाळा आहे. तेथे जाणारा शास्त्रज्ञ खाणकामगारांबरोबर लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली उतरतो, बोगद्यातील धूळ तुडवीत पायी जातो, आणि प्रयोगशाळेच्या दाराशी पोहोचल्यावर अंगावरचे सर्व कपडे उतरवून स्नान करतो. धुतलेला स्वच्छ पोषाख चढविल्यावरच त्याला आत पाऊल टाकता येते. यंत्राचा प्रत्येक भागही असाच धुऊनपुसून आत येतो. सोवळे म्हणावे तर याला! मात्र या सोवळ्यात कोणाची जात वा कूळ कोणी विचारीत नाही. येथे विटाळ मानतात तो धुळीचा आणि तिच्याहून सूक्ष्म अशा एका अदृश्य वायूचा. त्या वायूचे नाव रेडॉन. त्याचा बंदोबस्त कशासाठी आणि कसा करावा लागतो, हे वाचकांपुढे मांडण्याचा या लेखात विचार आहे.

प्रथम, ज्याच्यासाठी ही सारी सिद्धता चालली आहे तो पाहुणा कोण, ते पाहू. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी या खगोलशास्त्रज्ञाला कोमा नावाच्या दीर्घिकासमूहाचे निरीक्षण करताना असे आढळले, की त्यातील दीर्घिका फारच वेगाने फिरत आहेत. दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण त्यांना एकत्र बांधून ठेवण्यास मुळीच पुरेसे नाही. पुढे १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन या विदुषीने चक्राकार दीर्घिकांच्या कडेचे तारे मोजून पाहिले, तेव्हा तेही अपेक्षेहून कितीतरी अधिक वेगाने फिरत असलेले दिसले. म्हणजे न दिसणारे, न प्रकाशणारे असे काही द्रव्य तेथे असलेच पाहिजे. त्यालाच 'डार्क मॅटर' किंवा कृष्णद्रव्य म्हणतात. आजच्या हिशेबाप्रमाणे ते आपल्या ओळखीच्या द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे. ते आपल्या घरांतून आणि देहांतूनही अखंड वाहत असावे, परंतु त्याचा साध्या अणूला धक्का लागण्याचा प्रसंग अत्यंत विरळा. तो विरळा धक्का टिपावयाचा, हा या शोधाचा खटाटोप.

धक्का टिपण्यासाठी अनेक ठिकाणी द्रवरूप झेनॉनचे मोठे पिंप वापरतात. झेनॉन हा हवेत अत्यल्प प्रमाणात असणारा वायू आहे. सुमारे उणे ९५ अंशांवर तो पाण्यासारखा पातळ होतो, मात्र वजनाने पाण्याच्या जवळजवळ तिप्पट भरतो. त्याच्या अणूला कशाचा धक्का लागला, तर एक क्षीण प्रकाशकिरण चमकतो आणि काही इलेक्ट्रॉन सुटे होतात. दोन्हींची नोंद पिंपाच्या वर-खाली बसविलेले प्रकाशग्राहक घेतात. इटलीतील ग्रान सास्सो पर्वताखाली असलेल्या 'झेनॉन-एन-टी' या यंत्रात ८.६ टन झेनॉन आहे, त्यापैकी ५.९ टनांवर ४९४ प्रकाशग्राहकांची नजर असते, आणि हे सारे सुमारे ७०० टन शुद्ध पाण्याच्या टाकीत बुडविलेले आहे.

हे सारे पर्वताखाली कशासाठी, असे कोणी विचारील. आकाशातून विश्वकिरणांचा पाऊस अहोरात्र पडत असतो. आपण तळहात पसरला, तर दर सेकंदास त्यांचा सुमारे एक कण हातातून आरपार जातो. उघड्यावर ठेवलेले यंत्र या गोंगाटाने बहिरे होईल. ग्रान सास्सोच्या १४०० मीटर खडकाखाली हा पाऊस सुमारे दहा लाखांत एक इतका ओसरतो. म्हणून जगात जेथे जेथे खोल विवरे सापडली, तेथे तेथे शास्त्रज्ञ उतरले. अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातील होमस्टेक ही सोन्याची खाण २००२ साली बंद पडली. तिच्यात आज सुमारे दीड किलोमीटर खोलीवर १० टन झेनॉनचे 'लक्स-झेप्लिन' हे यंत्र काम करते. आपल्या पूर्वजांच्या देशातही हा वारसा जुना आहे. म्हैसूरकडील कोलार येथील सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी व ब्रिटिश सहकाऱ्यांसह १९६५ साली वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनो कणांचा वेध घेतला होता. २००१ साली ती खाण बंद झाली. त्यानंतर २०१७ साली झारखंडातील जादुगुडा येथे ५५५ मीटर खोलीवर नवी भूगर्भ-प्रयोगशाळा सुरू झाली, आणि तीही युरेनियमच्या खाणीत!

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट ध्यानी घ्यावीशी वाटते. ज्या विवरांत बसून आज विद्वान विश्वाचे कोडे सोडवू पाहतात, त्यांपैकी कित्येक मजुरांनी पोटासाठी खणलेली आहेत. आपण मजुरांचे वंशज. आपल्या पणजोबांनी या बेटावरील काळे दगड हातांनी वेचून उसासाठी जमीन मोकळी केली, आणि त्या दगडांच्या राशी काही शेतांतून अजून उभ्या आहेत. तेव्हा मजुरीच्या घामावर पुढे ज्ञानाचे घर उभे राहते, ही गोष्ट आपल्याला कोणी पढवावयास नको. परंतु रेडॉनच्या कथेत मजुरांनी घामापेक्षाही अधिक मोल दिले आहे.

मध्य युरोपातील श्नेबर्ग आणि याखिमोव्ह येथील खाणींत काम करणारे पुरुष शेकडो वर्षे छातीच्या रोगाने तरुणपणीच मरत असत. सोळाव्या शतकात गेऑर्ग आग्रिकोला या वैद्याने खाणकामगारांचे असे क्षयासारखे विकार नोंदवून ठेवले. त्याने दोष दिला तो धुळीला. १८७९ साली दोघा जर्मन डॉक्टरांनी श्नेबर्गच्या मजुरांचा हा रोग फुप्फुसाचा कर्करोग असल्याचे दाखविले. त्याचे कारण मात्र पुढे हळूहळू उमगले. १८९८ साली क्यूरी दांपत्याने रेडियम शोधून काढले ते याखिमोव्हच्याच खाणीतील खनिजातून, आणि १९०० साली फ्रीड्रिख डोर्न याला रेडियममधून एक किरणोत्सारी वायू बाहेर पडत असल्याचे आढळले. मजुरांच्या छातीत शिरत होता तो हाच वायू. आज धूम्रपानाच्या खालोखाल फुप्फुसाच्या कर्करोगाचे कारण म्हणून रेडॉनचेच नाव घेतात, आणि बंद घरांतील त्याचे प्रमाण घनमीटरमागे १०० बेकरेलच्या वर नसावे असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली सुचविले आहे. (एका सेकंदात एक अणू फुटला तर ते एक बेकरेल.) म्हणजे आज शास्त्रज्ञांच्या यंत्राला जो छळतो, त्याला त्यांच्याआधी खाणीतल्या मजुराने आपल्या श्वासाने ओळखले होते.

हा वायू येतो कोठून? त्याची वंशावळ मोठी मनोरंजक आहे. मूळ पुरुष युरेनियम. पृथ्वीवरील बहुतेक सर्व खडकांत तो थोडाबहुत असतो. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटण्यास लागणारा काळ, सुमारे ४५० कोटी वर्षांचा. त्याच्या वंशात पुढे रेडियम येते, त्याचे अर्धायुष्य १६०० वर्षे. ही सारी घट्ट मूलद्रव्ये, खडकाला धरून राहणारी. परंतु रेडियमचा पुत्र रेडॉन हा या कुळातील एकटाच वायुरूप. तो घर सोडून भटकावयास निघतो, भेगांतून, मातीतून, पाण्यातून बाहेर पडतो. त्याचे अर्धायुष्य केवळ ३.८ दिवसांचे, पण तेवढ्यात तो दूरवर जातो आणि जेथे मरतो तेथे आपली संतती ठेवून जातो. पोलोनियम, शिसे आणि बिस्मथ यांच्या किरणोत्सारी जाती ही ती संतती.

सर्व खडक सारखे नसतात. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम अधिक, बेसाल्टमध्ये कमी. आपल्या मॉरिशसचा काळा दगड हा बेसाल्ट, आणि सह्याद्रीचा कातळही बेसाल्टच. एवढेच नव्हे, तर भूशास्त्रज्ञ सांगतात की हे दोन्ही एकाच भट्टीचे भाऊ आहेत. आज रियुनियन बेटाखाली धगधगत असलेल्या तप्त स्थानावरून भारतभूमी सरकत गेली, तेव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनचे पठार ओतले गेले, आणि त्याच स्थानाने ८०–९० लाख वर्षांपूर्वी आपले बेट समुद्रातून वर काढले. आपले पूर्वज कोकणातून निघून या बेटावर उतरले, तेव्हा ते नकळत एका दगडावरून त्याच्याच धाकट्या भावावर आले होते! परंतु कमी म्हणजे शून्य नव्हे. ग्रान सास्सोच्या चुनखडकातही युरेनियम अल्पच आहे, तरी बोगद्याच्या हवेत रेडॉन असतो, आणि या यंत्रांना तेवढा अल्पसाही सोसत नाही.

तो का सोसत नाही, हे नीट समजून घेतले पाहिजे. बाहेरून येणारा किरणोत्सर्ग पाण्याच्या टाकीत आणि झेनॉनच्या बाहेरच्या थरातच अडतो, मधला गाभा शांत राहतो. चोर बाहेरचा असेल तर त्याला अंगणातच अडविता येते. परंतु रेडॉन यंत्राच्या पत्र्यातून, तारांतून, पंपातून झिरपत झेनॉनमध्ये मिसळतो, आणि दुधात पाणी मिसळावे तसा गाभ्यापर्यंत पोहोचतो. त्याचा वंशज असलेले 'शिसे-२१४' सुमारे २७ मिनिटांच्या अर्धायुष्याने फुटते, तेव्हा एक इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. पुष्कळदा त्याच्याबरोबर गॅमा किरणही निघतो आणि त्यावरून चोरी पकडली जाते. परंतु कधी कधी तो इलेक्ट्रॉन एकटाच, मुकाट्याने निघतो. त्याचा क्षीण धक्का नेमका अशा ऊर्जेचा असू शकतो, की जेथे कृष्णद्रव्याचा वा तत्सम अज्ञात कणाचा धक्का अपेक्षित आहे. पाहुण्याची वाट पाहावी आणि दारावर वाऱ्याने कडी वाजावी, तसा हा प्रकार. आणखी अडचण अशी, की झेनॉन आणि रेडॉन हे दोघेही निष्क्रिय वायू. ते कोणाशीच सहसा संयोग पावत नाहीत, त्यामुळे रसायनाच्या साह्याने एकाला धरून दुसऱ्याला सोडणे जमत नाही.

मग उपाय कोणते? पहिला उपाय संशयाचा. यंत्रात बसणारा प्रत्येक नळ, तार, पंप आधी बंद पात्रात काही दिवस ठेवतात, त्यातून निघालेला रेडॉन गोळा करतात आणि त्याचे अणू फुटताना मोजतात. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे या कामाची मोठी परंपरा आहे. या परीक्षेत जो नापास झाला तो कितीही मजबूत वा सुबक असला तरी बाहेर. वेल्डिंगसाठी सर्रास वापरतात त्या थोरियमयुक्त टंगस्टनच्या कांड्यादेखील येथे टाळाव्या लागतात, कारण थोरियमही अशाच एका कुळाचा मूळ पुरुष आहे.

दुसरा उपाय हवेचा. यंत्राची जुळणी ज्या खोलीत होते तेथील हवा थंड केलेल्या सक्रिय कोळशाच्या मोठाल्या थरांतून सोडतात. हवेचे कण झपाट्याने पार होतात. रेडॉन मात्र कोळशाला चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि असा रखडत जातो की वाटेतच त्याचे आयुष्य सरते. त्याला मारावे लागत नाही, केवळ उशीर करावा लागतो. होमस्टेक येथे लक्स-झेप्लिनची जुळणी करताना अशाच हवेचा उपयोग केला होता.

तिसरा उपाय पृष्ठभागांचा. रेडॉनच्या संततीत 'शिसे-२१०' हे २२ वर्षांच्या अर्धायुष्याचे चिवट अपत्य आहे. यंत्राचा भाग उघड्या हवेत काही काळ राहिला, तर ते त्याच्या पृष्ठभागावर बसते आणि पुढे वर्षानुवर्षे तेथेच राहते. प्रकाश परावर्तित करण्यासाठी आतून लावलेले टेफ्लॉन तर त्याला विशेष ओढून घेते. तेथे पुढे निर्माण होणाऱ्या पोलोनियमचे अल्फा कण टेफ्लॉनमधील फ्लोरिनवर आपटले, की न्यूट्रॉन सुटतो, आणि न्यूट्रॉनचा धक्का हुबेहूब कृष्णद्रव्याच्या धक्क्यासारखा असतो. स्नोलॅबमधील 'डीप-३६००' या द्रवरूप आर्गॉनच्या यंत्रासाठी तर याहून कठोर उपाय योजला गेला. त्याचे ॲक्रिलिकचे गोल पात्र खाणीत पूर्ण बांधून झाल्यावर आत एक यंत्रमानव सोडण्यात आला आणि त्याने आतील पृष्ठभागाचा सुमारे अर्धा मिलिमीटर थर खरवडून काढला. आपण पितळेचे भांडे घासतो ते चकाकण्यासाठी. येथे पात्राची कातडीच सोलून काढली, कारण हवेचा स्पर्श तिला झाला होता.

एवढे करूनही काही रेडॉन झिरपतोच. त्याच्यासाठी चौथा उपाय, ऊर्ध्वपातनाचा. मळीपासून मद्यार्क काढणारी भट्टी आपल्या बेटावर कोणी पाहिली नाही? उकळण्याचे अंश निरनिराळे असले की एक पदार्थ वाफ होऊन वर जातो, दुसरा खाली राहतो. झेनॉन उकळते उणे १०८ अंशांवर, रेडॉन उणे ६२ अंशांवर. म्हणून उंच स्तंभात झेनॉन वाफ होऊन वर जाते, आणि रेडॉन तळच्या द्रवात अडकून पडतो. तेथे तो काही दिवसांत आपोआप फुटून नाहीसा होतो. क्रिप्टॉन नावाचा दुसरा उपद्रवी वायू याच्या उलट, अगदी हलका. त्याच्यासाठी वेगळा स्तंभ आहे, त्यात तो वरून काढून टाकतात. सुपात धान्य पाखडताना कोंडा उडून जातो आणि खडा खाली राहतो, त्यातलाच हा न्याय.

या परिश्रमांचे फळ आकड्यांत पाहावे. ग्रान सास्सोच्या आधीच्या 'झेनॉन-वन-टी' या यंत्रात दर किलो झेनॉनमागे रेडॉन प्रथम सुमारे १३ मायक्रोबेकरेल होता. तो ४.५ पर्यंत उतरविला गेला. झेनॉन-एन-टीच्या २०२२ च्या निष्कर्षांत तो १.८ च्या आसपास होता, आणि पुढे १ च्याही खाली गेला. एक मायक्रोबेकरेल म्हणजे काय? एक किलो झेनॉनमध्ये सुमारे साडेअकरा दिवसांत एक अणू फुटणे. हिशेब केला तर दोन किलो झेनॉनमागे रेडॉनचा जेमतेम एक अणू उरतो, म्हणजे एकावर पंचवीस शून्ये दिल्यास जी संख्या होईल तितक्या अणूंत एक! आपण अंगणात उभे राहून जी मोकळी हवा घेतो, तिच्या एका लिटरात जितका रेडॉन असतो, सुमारे तितकाच त्या संपूर्ण ८.६ टनांच्या पिंपात आहे. आणि तरीही तेथे दिवसाकाठी काहीशे अणू फुटतातच.

एवढा अट्टाहास कशापायी, असे वाटणाऱ्याने पुढील प्रसंग ऐकावा. १९२० च्या नव्हे, अगदी अलीकडच्या, २०२० सालच्या जून महिन्यात झेनॉन-वन-टीच्या मंडळींनी जाहीर केले, की एका विशिष्ट क्षीण ऊर्जेच्या टप्प्यात सुमारे २३२ घटना अपेक्षित असताना २८५ दिसल्या आहेत. जगभर खळबळ उडाली. सूर्यातून येणारे अज्ञात कण असावेत, असे काहींना वाटले. शोध लावल्याची द्वाही फिरविण्याचा मोह कोणाला झाला नसता? पण त्या मंडळींनी त्याच निवेदनात स्पष्ट सांगितले, की ट्रिटियमच्या अगदी अल्प अंशानेही असेच घडू शकेल आणि ती शक्यता आम्हांस नाकारता येत नाही. मग नवे, अधिक स्वच्छ यंत्र सिद्ध झाले. गोंगाट पूर्वीच्या सुमारे पाचव्या हिश्श्यावर आला, आणि २०२२ साली त्यांनीच जाहीर केले, की ते जादा आकडे आता दिसत नाहीत. स्वतःच्या हाताने उंचावलेली आशा त्यांनी स्वतःच्याच हाताने खाली उतरविली. यात मला त्या साऱ्या यंत्रसामग्रीपेक्षा मोठी गोष्ट दिसते.

कृष्णद्रव्याचा सर्वमान्य पुरावा आजपर्यंत कोणत्याही यंत्रास मिळालेला नाही. मात्र रेडॉनचा उपद्रव आता इतका उतरला आहे, की सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंचा गोंगाट त्याच्या बरोबरीचा ठरू लागला आहे. २०२४ साली इटलीतील या यंत्राला आणि चीनमधील 'पांडा-एक्स' या यंत्राला अशा सौर न्यूट्रिनोंच्या धक्क्यांच्या पहिल्या खुणा मिळाल्या. केर काढता काढता हरवलेली मोहोर सापडली नाही, पण दुसरेच एक नाणे हाती लागावे, तसे हे झाले.

मी शिक्षक आहे. वर्गात उत्तर चुकले की मुले प्रथम प्रश्नाला दोष देतात, मग पुस्तकाला, आणि सर्वांत शेवटी आपल्या आकडेमोडीकडे पाहतात. मोठी माणसेही याहून फार वेगळी वागत नाहीत. या पाताळातील मंडळींचा क्रम उलटा आहे. काही नवे दिसले की ती प्रथम विचारतात, हा माझ्याच हाताचा मळ तर नव्हे? माझ्याच श्वासाबरोबर आत आलेला वायू तर नव्हे? ते सारे तपासून झाल्यावर जे उरेल, तेच खरे. आपल्या मुलांनी भौतिकशास्त्र इंग्रजीत शिकावे की फ्रेंचमध्ये, याचा वाद आपण पुष्कळ घालतो. ते कोणत्याही भाषेत शिकोत, पण हा प्रश्न स्वतःला विचारण्याची सवय त्यांनी शिकावी, आणि ती आपण आपल्या मायबोलीत त्यांना सांगू शकावे, एवढी माझी इच्छा आहे. येत्या चतुर्थीला घर झाडताना लहानांच्या हाती केरसुणी द्याल, तेव्हा त्यांना ही खाणीतील स्नानाची गोष्टही अवश्य सांगा.